गरम पाण्याचा बग

२०१६ साली ऑकलंडमध्ये मी एका छोट्या कंपनीत अ‍ॅप बनवत होतो. अ‍ॅप होतं चीनमधून इथे आलेल्या गरोदर बायकांसाठी. रोज चार प्रश्न विचारायचे आणि त्यांचं मन ठिकाणावर आहे ना, ते पाहायचं. पहिला प्रश्न मी लिहिला होता, ‘आज तुम्हाला उदास वाटलं का?’

सल्ला द्यायला एक चिनी नर्सबाई येत. प्रश्न वाचून त्यांनी हातातला थर्मास खाली ठेवला.

“याला कोणीही हो म्हणणार नाही. शेजारी सासू बसलेली असते. उदास म्हटलं की घरात वेडी ठरवतात.”

त्याऐवजी त्यांनी विचारायला सांगितलं: झोप लागली का? जेवणाला चव होती का? कोणाशी मनातलं बोललात का? आणि चौथा, आज कोणी गरम पाणी आणून दिलं का?

मी पुण्याचा, त्यात इंजिनिअर. हरकत घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. स्वतः उठून घेतलेलं चालेल का, किती डिग्री गरम, असं सगळं मी विचारून घेतलं. बाई म्हणाल्या, “कोणी आणून दिलं का, एवढंच बघा.” ही कसली शास्त्रीय पद्धत, असं मनात म्हणत मी प्रश्न टाकला.

चाचणीला गरोदर बाई हवी होती. ती घरातच होती, सातवा महिना. बायकोची नोकरी सुटली होती, तिच्या आईचा व्हिसा अडकला होता, म्हणजे तिच्याकडे वेळच वेळ, असं माझं गणित. तिच्या फोनवर अ‍ॅपची इंग्रजी आवृत्ती टाकली. ती एरवी माझ्या कुठल्याही अ‍ॅपला नावं ठेवते, पण हे तिने मुकाट्याने रोज भरलं.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट काढला, तर चौथ्या प्रश्नाला रोज ‘नाही’. एकदाही ‘हो’ नाही. म्हणजे ‘हो’चं बटन बिघडलेलं. सगळ्यात तातडीचा बग म्हणून मी त्याची नोंद केली आणि दोन दिवस कोड उपसला. माझ्या फोनवर बटन मजेत चालत होतं. शेवटी हार मानून नर्सबाईंना रिपोर्ट दाखवला.

“टेस्टर कोण?” त्यांनी विचारलं.

“माझी बायको.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “बटन ठीक आहे. तुम्ही घरी जा.”

मला इतकी लाज वाटली, की बस रिकामी असूनही मी उभ्यानेच घरी गेलो. पाणी तापवलं, कपात ओतलं आणि बायकोपुढे धरलं.

तिने कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “सापडला बग?”

“तुला माहीत होतं?”

“अरे, डेटा तूच बघणार हे तूच सांगितलंस. तोंडाने सांगायला गेले की ‘वीकेंडला बोलू’ म्हणतोस. म्हटलं, ऑफिसमार्फत कळवू.” तिने कप दोन्ही हातांत धरला. तिचे डोळे भरून आले होते. “तिसऱ्या प्रश्नालाही, मनातलं बोललात का, रोज नाहीच आहे. तो नाही वाटला बग?”

नव्हता वाटला. मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलो. पाणी दोनदा गार झालं, दोनदा मी तापवून आणलं. ती अजून बोलतच होती.