जगनकाकांची शेळी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही किडमिडं आहे. कुणाच्या हाती ही वही पडलीच तर सांभाळून घ्यावं. जगनकाका जाऊन दोन महिने झाले आणि आमच्या गल्लीत त्यांचं नाव निघालं की लोक नुसते हसतात. म्हणून लिहायला बसले.

पूर्वी गल्लीतली केबल काकांची होती. ते लग्नाची शूटिंग करायचे, आणि रविवारी दुपारी पुढच्या खोलीतून सगळ्या घरांना सिनेमा लावायचे. सिनेमा संपेपर्यंत स्वतः समोर बसून राहायचे. वाईट प्रसंग आला की बटण दाबायचे, आणि घरोघरी टीव्हीवर त्यांची शेळी दिसायची. शूटिंगचा कॅमेरा त्यांनी अंगणातल्या खुंट्याकडं तोंड करून ठेवलेला असे. शेळी आरामात पाला खायची, प्रसंग सरला की पुन्हा सिनेमा. "शेळी आली" म्हटलं की बायका गॅसवरचं दूध बघायला उठायच्या.

मिठ्या-बिठ्या कापल्या तर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण काका बाईला मारलेलंही कापायचे. एकदा खलनायकानं हिरॉइनचे केस धरले आणि शेळी आली. माझे मालक भिंतीवरून ओरडले, "ओ काका, आत्ता तर मजा यायलती!"

"म्हणूनच कापलं," काका म्हणाले. "बाईला मारलेलं बघून मजा यायली तुला, तर उद्या घरात काय करशील?"

मालक मोठ्यानं हसले. मी स्वयंपाकघरात होते. मला हसू आलं नाही.

पुढं मोठ्या कंपनीचे सेट-टॉप डबे आले. लोक म्हणायला लागले, "काका, पैसे आम्ही भरायचे आन बघायची शेळी?" वर्षभरात सगळ्यांनी त्यांची तार काढून टाकली. नव्या मालिकांत सासवा रोज सुनांना छळायच्या आणि आम्ही ते जेवताना बघायचो. सुरुवातीला घास अडकायचा. नंतर अडकेना. मग हातोहाती फोन आले, आणि शेजारी बसलेलं माणूस काय बघतंय तेही कळेना. काका ओट्यावर रिमोट दुरुस्त करत बसायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, "काय बघायलास रे?" लोक फोन छातीशी धरून पुढं जायचे.

दोन वर्षांपूर्वी मंदाबाईची पूजा एका मुलाशी बोलताना दिसली, म्हणून तिच्या भावानं तिला भर गल्लीत मारलं. ओढणी गेली, ओठ फुटला. सगळी गल्ली बाहेर आली आणि सगळ्यांचे फोन वर झाले. मीही माझ्या ओट्यावर उभी होते. कुणी पुढं झालं नाही. काका बनियनवरच धावत आले आणि दोन्ही हात पसरून पूजाच्या आड उभे राहिले.

"काका, सरका ना बाजूला, दिसंना गेलंय," कुणीतरी म्हणालं.

"शेळी आली रे!" दुसरं कुणी ओरडलं. लोक हसले. पोरगी खाली पडली होती आणि लोक हसले.

त्यातली एक शूटिंग माझ्या वैशालीनं केली होती. पूजा तिच्याच वर्गातली. असले व्हिडिओ टाकणाऱ्या शहरातल्या कुणा पेजवाल्यानं वैशालीला त्याचे चार हजार दिले. त्या पैशातून तिनं माझ्या शिलाई मशीनला मोटार आणली. मी फॉल-पिको करते, माझे पाय दुखतात. पैसे कुठले ते मला माहीत होतं, तरी मी मोटार बसवून घेतली. सिल्लोडहून भावजयीचा फोन आला, "अवं वन्सं, तुमची गल्ली दिसली की मोबाइलात!" तिच्या आवाजात कौतुक होतं.

संध्याकाळी काका घरी आले. "पोरी, पुसून टाक ते."

"मी पुसलं तरी काय होणार?" वैशाली म्हणाली. "फुलंब्रीपासून फर्दापूरपर्यंत सगळ्यांकडं आहे. आता कुणाच्याच हातात बटण नाही, काका." ती रागानं बोलत नव्हती. लहान मुलाला समजावावं तसं बोलत होती, आणि मला त्याचीच भीती वाटली.

काका माझ्याकडं वळले. "इंदू, तू का गप्प? तू तर बोल."

मला कुणापुढं बोलताच येत नाही, पोटच्या पोरीपुढंही नाही.

दुसऱ्या दिवशी पाचशे रुपये घेऊन काकांकडं गेले. म्हटलं, "हे पूजाला द्या. चार हजार पुरे करीन. मला तिच्या दारात जायला होत नाही."

"देतो," काका म्हणाले. "पण माझ्या आड किती दिस लपशील?"

सात वेळा त्यांनी माझं नाव सांगून पाचशे नेऊन दिले. मग काका गेले. मैतीला पोरं चालता चालता शूटिंग करत होती. त्यातल्या एकानं काकांच्या फोटोखाली हसणाऱ्या शेळीचं चित्र टाकलं. सुतक फिटायच्या आत ते गल्लीभर फिरलं.

काल उरलेले पाचशे घेऊन मीच गेले. दार पूजानं उघडलं. तिनं कॉलेज सोडलंय, आणि घरातही तोंडाला स्कार्फ बांधून असते. काय बोलायचं ते मी पाठ करून गेले होते. नोट पुढं केली आणि सगळं विसरले.

"मावशी, त्या व्हिडिओत तुम्ही पण दिसता," ती म्हणाली. "ओट्यावर. मी लई वेळा थांबवून बघितलंय."

"व्हय," मी म्हणाले. "उभीच होते. यायला पाहिजे होतं मी."

तिनं नोट घेतली, नीट घडी केली. "चार हजार पुरे झाले," म्हणाली, आणि दार लावून घेतलं.