डॉक्टर, तो मावा खातो!

कुठल्या तोंडाने सांगू, हेच कळत नाही. पण आमच्या वारज्याच्या घरी कुणी आलं की आमचे हे मुद्दाम विषय काढतात, त्यापेक्षा मीच सांगते. चहा घ्या. हसायचं ते शेवटी हसा.

त्या दिवशी संध्याकाळी मी कणीक मळत होते. आमची स्वरा, चार वर्षांची, गॅलरीतून ओरडली, "मम्मी, लेडीबग!"

मला ऐकू आलं, "लेडी बघ." म्हटलं, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कुठली बाई आली? कणकेच्या हातानेच धावले. बाई कसली! जास्वंदीच्या कुंडीपाशी आमच्या बाईसाहेब, आणि त्यांच्या तळहातावर डाळीएवढा एक गोल किडा. पाठीवर काळे ठिपके.

हा किडा मला नवा नव्हता. स्वराच्या शाळेच्या पुस्तकात आहे, लालचुटूक. पण हा होता पिवळा! कुंडीत बघते तर एक लाल, एक केशरी आणि एक काळाकुट्ट, त्याला लाल ठिपके. म्हटलं, लाल तेवढा पुस्तकात छापलाय म्हणजे तो गरीब असणार. बाकीचे छापले नाहीत, म्हणजे काहीतरी कारण असेलच ना?

तेवढ्यात त्या पिवळ्याने स्वराच्या हातावर पिवळंजर्द पाणी सोडलं. वास घेतला. शी! कडवट, उग्र!

किड्याला उचलून स्वराच्या खाऊच्या डब्यात कोंडलं आणि सासूबाईंना फोन लावला. त्या खडकवासल्याच्या पुढे गावी असतात, जन्म शेतात गेलेला. त्यांना माहीत नसेल तर कुणाला?

"आई, ते गोल ठिपक्यांचे किडे विषारी असतात का हो? लाल नाही, पिवळा!"

"आगं, लाल काय अन् पिवळा काय, समदे मावाच खात्यात की! जल्मल्यापासनं त्योच धंदा. दिसभर मावा!"

आणि फोन कट. तिकडे रेंजची बोंब.

मावा!

आता मी शहरात वाढलेली. मला दोनच मावे माहीत. एक बर्फीचा. पण आमच्या जास्वंदीवर बर्फी कोण आणून ठेवणार? मग राहिला दुसरा, टपरीवरचा. तंबाखू, सुपारी, चुना, प्लास्टिकच्या कागदात चोळलेला. आमच्या बिल्डिंगखाली टपरी आहेच! म्हणजे हे किडे तिथे खातात, वर येतात आणि माझ्या लेकीच्या हातावर थुंकतात! उग्र वास, पिवळं पाणी, सगळं कसं जुळलं! सातवीपर्यंत शिकले, पण डोकं कसं चालतं बघा.

यांना फोनवर एवढंच ओरडले, "स्वराला घेऊन दवाखान्यात चाललेय, या!" हे मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर कामाला. बिचारे तसेच निघाले.

दवाखान्यात गर्दी. मला रडताना बघून लोकांनी आधी आत सोडलं. आत आणि बाहेर यांच्यामध्ये नुसतं प्लायवूड. हे लक्षात ठेवा.

"डॉक्टर, तो मावा खातो हो!"

डॉक्टरांनी मान वर केली. "कधीपासून?"

"जन्मापासून! सासूबाईंनीच सांगितलं आज."

"आज सांगितलं? लग्नाआधी नाही?"

मला वाटलं, लग्नाआधी असलं कोण सांगेल? "नाही हो. आणि आज मुलीच्या हातावर थुंकला!"

"मुलीच्या हातावर?" डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "लाज आहे की नाही? तुम्ही काही बोलला नाहीत?"

"बोलून त्याला काय कळणार?"

"मारतो का?"

"नाही, एवढासा तर आहे."

डॉक्टर परत खुर्चीत बसले. "आत्ता कुठे आहे तो?"

"डब्यात."

"कशात?"

मी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. स्वरा आनंदाने ओरडली, "लेडीबग!"

डॉक्टरांनी झाकण उघडलं. आत बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत आत बघितलं. तेवढ्यात सासूबाईंना रेंज आली. फोन स्पीकरवर टाकून मी विचारलं, "आई, हे किडे टपरीवरचा मावा खातात?"

"आगं खुळे, मावा म्हंजी झाडावरची बारकी कीड! भेंडीला चिकटती बघ, हिरवी हिरवी. ती खात्यात ह्ये. ग्वाड असत्यात बिचारे!"

त्यानंतर डॉक्टर जे हसायला लागले! डोळे पुसत म्हणाले, "बाई, लाल असो, पिवळा असो, काळा असो, माणसाला यांचं विष नाही. घाबरले की असं पाणी सोडतात, वास येतो. एखाद्याला थोडी खाज सुटेल, बस. हात साबणाने धुवा आणि हिला तोंडात घालू देऊ नका."

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! लेकीचे पापे घेत बाहेर आले. आणि बघते तर काय, हे धापा टाकत दारात उभे, आणि अख्खा दवाखाना यांच्याकडे खाऊ की गिळू करून बघतोय! प्लायवूड, म्हटलं ना? सगळ्यांनी पहिला अर्धा भाग ऐकलेला, पुढचं त्यांच्याच कुजबुजीत बुडालेलं, आणि डबा तर कुणालाच दिसला नव्हता.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या चव्हाणकाकू गुडघा दाखवायला आलेल्या. उठून यांच्यासमोर गेल्या. "सोन्यासारखी लेक आहे. आता तरी सोडा तो मावा!"

"मी?" हे म्हणाले. अहो, हा माणूस सुपारीसुद्धा खात नाही! चहात वेलदोडा टाकला तरी खोकतो.

मी तोंड उघडलं. पण खरं सांगायचं म्हणजे डब्यापासून सांगायला लागणार, आणि एवढ्या लोकांत माझी अक्कल निघणार. म्हणून मी म्हणाले, "सोडलाय हो काकू. आजपासून."

झालं! आता सोसायटीत यांचं कौतुक थांबत नाही. वॉचमन सलाम ठोकतो. आणि काल चव्हाणकाकू घरी आल्या. त्यांचा महिलांचा बचत गट आहे. म्हणाल्या, "रविवारी दहा मिनिटं बोल. नवऱ्याचा मावा कसा सोडवलास, बायकांना कळू दे."

मी काय म्हणाले असेन? "हो" म्हणाले!

हे पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "रविवारी मीही येतो. मी कसा सोडला, ते मलाही कळू दे."