ससा हनुवटी घासेल तो ब्रश

सशाचे केस गळायला लागले की कितीही झाडा, सोफ्याखालून आणखी निघतातच. आम्हा ससेवाल्यांच्या किश्श्यांचंही तसंच आहे. एक सांगायला बसावं तर दुसरा निघतो. आणि खरं सांगू? यातले काही सांगताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

आमची पद्धत साधी. केसगळतीच्या दिवसांत रविवारी सगळे आपापले ससे घेऊन बंगळुरात व्हाइटफील्डला माझ्या फ्लॅटवर जमतात. जमिनीवर ब्रश, कंगवे, फण्या मांडायच्या आणि ससा सोडायचा. तो ज्याला हनुवटी घासेल, ते त्याचं झालं. मग तेच विकत घ्यायचं, वाद नाही!

*

कोरमंगलाचा प्रसाद पहिल्यांदा आला तो महागडा स्टीलचा ब्रश घेऊन. "सगळे रिव्ह्यू वाचलेत मी!" त्याच्या सशानं ब्रशकडे पाठ फिरवली आणि प्रसादच्या खिशातून पडलेल्या दाढीच्या कंगव्याला हनुवटी घासली. तेव्हापासून प्रसाद दाढी बोटांनी विंचरतो.

*

माझी बिजली पांढरीशुभ्र. एकदा तिच्या अंगावरून फणी फिरवली तर मूठभर केस निघाले, काळेभोर!

"गालिच्यातले असतील गं, टेन्शन नको घेऊ," प्रसाद म्हणाला. मीही सगळ्यांना तेच सांगितलं.

माझ्या घरात गालिचा नाही.

*

एका रविवारी सगळे ससे एकदम थांबले. बाथरूमच्या बंद दाराकडे कान वळवून मागचे पाय आपटायला लागले. धोका जाणवला की ससे असंच करतात.

"पाइप वाजत असेल," म्हणत प्रसाद आत गेला. बाहेर आला आणि आपला ससा टोपलीत भरायला लागला.

"काय होतं रे?"

"काही नव्हतं. पण पुढच्या रविवारी माझ्याकडे जमूया."

*

आणि नलिनीअक्का! पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहिलेलं मराठी घर, बोलताना अधूनमधून कन्नड. त्यांचा ससा पुट्टा. त्याचे केस फक्त अण्णा, म्हणजे अक्कांचे यजमान काढायचे. ब्रश नाही की फणी नाही, नुसत्या ओल्या तळहातांनी. अण्णा गेले आणि पुट्टा कुणाला हात लावू देईना. स्वतःला चाटून केस गिळायचा. डॉक्टर म्हणाले, आतडं तुंबलं तर वाचणार नाही. त्यानं खाणंही सोडलं.

"हाही गेला तर मी बोलू कुणाशी?" अक्का फोनवर रडल्या.

आम्ही सगळं सामान घेऊन त्यांच्या घरी गेलो. केस उडू नयेत म्हणून पंखा, खिडक्या बंद केल्या. रबरी ब्रश, मऊ ब्रश, बारीक फणी, सगळं मांडलं. पुट्टानं कशाकडे बघितलंसुद्धा नाही. तो अण्णांच्या रिकाम्या खुर्चीपुढे गेला आणि हवेतच हनुवटी घासली. मग डोकं जमिनीला टेकून डोळे मिटले.

त्याच्या पाठीवरचे केस दबले. मागे सरकले. एक झुबका सुटून बाजूला पडला, मग दुसरा. प्रसादनं उचलून पाहिला. ओला होता!

अक्कांनी पदरानं डोळे पुसले आणि खुर्चीकडे बघून म्हणाल्या,

"अहो, स्वल्प हळू! मानेपाशी कातडी पातळ आहे त्याची."