आजींचं गोंदण मी धूसर केलं

मंडळी, आज सकाळी मोखाड्याजवळच्या एका पाड्यावर माझा मोठा लाकडी कॅमेरा घेऊन गेलो होतो. ओट्यावर बसलेल्या सखूआजींचा फोटो काढायचा होता आणि फिल्म एकच उरली होती. लेन्स अशी झुकवली की फक्त आजींचे डोळे स्पष्ट, बाकी सगळं धूसर. स्वतःवर भलताच खूश होतो.

त्यांच्या सुनेने कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडाखाली डोकावून काचेवर दिसणारं उलटं चित्र पाहिलं. म्हणाली, "आयेच्या हातावरचं गोंदण कुठं गेलं?"

आजी शांतपणे म्हणाल्या, "मेल्यावर डोळं हितंच राहतील, बाबा. गोंदण तेवढं माझ्यासंगं येल."

मी लेन्स उलट बाजूला झुकवली. मांडीवरच्या हातांपासून चेहऱ्यापर्यंत सगळं स्पष्ट झालं. मगच फिल्म लावली.

इतकी वर्षं फोटो काढतोय, पण काय स्पष्ट हवं हे समोरच्या माणसाला कधी विचारलंच नव्हतं. तुम्हाला विचारलं, तर काय सांगाल?