लिंबाच्या गाठीचा बास

आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिली. हे आधीच सांगून टाकते, कारण मला त्याचा अभिमान होता आणि अजून आहे. आप्पा गिऱ्हाइकांना माझी ओळख नावाने करून देत नसत, "ही आमची बी.ए." म्हणत. पण पदवीनंतरच्या त्या उन्हाळ्यात नोकरीचे अर्ज टाकून मी घरी बसले होते, आणि माझ्या हाताला जे काम होतं ते एक लाकूड घासायचं.

सोलापुरात आप्पांचं दुकान धोट्यांचं. मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो लाकडी धोटा आम्ही करायचो आणि दुरुस्तही करायचो. अक्कलकोट रोडकडे मागांवर कामाला जाणारे लोक सायकल दुकानाच्या भिंतीला टेकवायचे, फुटका धोटा पुढे करायचे आणि उभ्या उभ्या बिडी ओढायचे. दुकानात सगळीकडे लाकडाचा भुसा आणि जवसाच्या तेलाचा वास. तो वास माझ्या पुस्तकांनाही होता. कॉलेजात शेजारी बसणारी मुलगी एकदा नाक मुरडून म्हणाली, "तुमच्याकडे जवसाची चटणी कुटतात का गं?" मी म्हटलं, "नाही, धोटे करतात. तुझ्या अंगावरची साडी त्यावरच निघालीय."

दादा माझ्याहून मोठा. मॅट्रिकला अडकला तो अडकलाच. दिवसभर आप्पांबरोबर धोटे घासायचा आणि संध्याकाळी पेठेतल्या एका ऑर्केस्ट्राच्या तालमीला जाऊन कोपऱ्यात बसायचा. तिथला बास गिटार वाजवणारा जेवायला किंवा चहाला उठला की दादा ती गिटार मांडीवर घ्यायचा. असं करत करत शिकला. मग तो वाजवणारा पुण्याला गेला, आपला बास घेऊन. ऑर्केस्ट्राचे मास्तर अॅकॉर्डियन वाजवायचे, बोलायचे कमी. ते दादाला म्हणाले, "हात तुझा बरा आहे. वाद्य तुझं तू आण. एप्रिलातल्या जयंतीच्या कार्यक्रमात ते उभं राहिलं तर जागा तुझी. नाहीतर माझा भाचा तयारच आहे."

परदेशी बास आमच्या ऐपतीतला नव्हता, त्यावर बोलणंही झालं नाही. दादाने पुण्याला जाणाऱ्या त्या वाजवणाऱ्याला गाठून त्याच्या बासच्या आकाराची रेघ कॅलेंडरच्या पाठीवर मारून घेतली होती.

"आप्पा, मी बनवतो," तो म्हणाला.

"काय बनवतोस?"

"बास. चार तारांचा गिटार असतोय. खालचा आवाज देतो. घुमघुम."

"मग ढोल घे की. तार कशाला."

पण त्यांनी नाही म्हटलं नाही. एवढंच म्हणाले, की जयंतीला जमलं तर जमलं, नाही जमलं तर संध्याकाळचं हे फिरणं बंद. दादाने मान हलवली. त्याच्यासाठी सगळं त्या एका कार्यक्रमावर येऊन थांबलं.

लाकूड मात्र घरात आधीपासून पडलं होतं. मैंदर्गीला मामांच्या बांधावरचा लिंब, म्हणजे कडुलिंब, वाऱ्याने पडला होता. त्याच्या खोडाला एक मोठी गाठ, गरोदर बाईच्या पोटासारखी फुगलेली. मामांनी ती एसटीच्या टपावर टाकून आणली होती. त्यांची मराठी कानडीतूनच सुरू व्हायची. "नोडप्पा, बघा की," ते आप्पांना म्हणाले होते, "कुऱ्हाड बसंना, जळणाच्या कामाची न्हाय. म्हटलं सुताराला द्यावं, त्याचं नशीब." आप्पांच्या दृष्टीने गाठ म्हणजे खोट. धोट्याला सरळ रेषेचं लाकूड लागतं, गाठीचा धोटा मागावर फुटतो. म्हणून ती दुकानामागे वर्षभर कोंबड्यांची बसायची जागा झाली होती.

दादाने ती वखारीत नेऊन चिरून आणली. पाट्या समोर ठेवल्या तर मला काहीच दिसेना. मळकं, राखेच्या रंगाचं लाकूड.

"बी.ए. बाई," तो म्हणाला, "जरा पाणी मारा की."

मी ओला फडका फिरवला आणि हात तसाच राहिला. फडक्यामागून लाकडात डोळे उघडत गेले. बारीक बारीक, शेकडो, एकमेकांना चिकटलेले, आणि त्यांच्याभोवती लाटा, तळ्यात कुणी मूठभर खडे टाकल्यासारख्या. सरळ रेषा एक नाही. सगळं वळत होतं, आपल्यातच परत जात होतं. मग उन्हाने पाणी वाळलं आणि डोळे मिटले. मी पुन्हा फडका बुडवला.

त्या दुपारी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात संथ दुपारी होत्या. बाहेर उन्हाने रस्ता पांढरा झालेला, लांबून मागांचा खडखडाट, आणि मी पत्र्याच्या सावलीत बसून दादाने कॅलेंडरवरच्या आकारात कापलेल्या लाकडावर पॉलिश पेपर फिरवते आहे. घासता घासता मी त्या लाकडात उतरायची. एका कोपऱ्यात ढग होते. मध्ये एक नदी फुटून तिचे फाटे झाले होते. खाली कुठेतरी कुणीतरी पाठमोरं बसलेलं होतं, केस मोकळे सोडून. दुसऱ्या दिवशी ते सापडायचं नाही, त्या जागी बदकाची मान असायची. शेजारच्या तेलुगू विणकर मावशी यायच्या, कंबरेवर हात ठेवून बघायच्या. "अशी नक्षी मागावर बसवायची म्हटलं तर माझा जन्म जाईल गं," त्या म्हणायच्या, "आणि झाडाने नुसतं उभं राहून केलं." झाडाला कधीतरी जखम झाली असेल, तिच्याभोवती लाकूड असं वेडंवाकडं वाढत गेलं असेल, हे मी त्यांना समजावून सांगितलं. "व्हय का," त्या म्हणाल्या आणि बघतच राहिल्या. मीही.

मग होळीनंतरचा कोरडा वारा सुटला आणि एका सकाळी त्या डोळ्यांमधून केसाएवढी चीर गेलेली दिसली.

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. दुसरी गाठ नव्हती, दिवसही नव्हते. अशा वेळी आमच्या घरात जे सुचणार तेच सुचलं. धोटा तडकू नये म्हणून आम्ही तो जवसाच्या तेलात बुडवून ठेवतो. तेल पिऊन लाकूड चिवट होतं. आप्पा स्वतः म्हणाले, "टाक की टाकीत. धोट्याला चालतंय, ह्याला काय धाड भरली." आणि त्या आकार दिलेल्या लाकडाला आम्ही धोट्यांबरोबर टाकीत बुडवलं. कुणालाही त्यात काही चूक वाटली नाही. सोलापुरातल्या कुठल्याही धोटेवाल्याने हेच केलं असतं.

बाहेर काढलं तेव्हा आप्पा सुद्धा हातातलं काम ठेवून आले. मधासारखा रंग चढला होता. चीर मिटली होती. आता पाण्याची गरज नव्हती, डोळे कायमचे उघडे राहिले होते. आप्पांनी अंगठा फिरवला. "खोटच हाय," ते म्हणाले, "पण लई देखणी खोट."

बासची मान सागवानाची, सरळ रेषेची. ती सरसाने चिकटवून वर स्क्रू मारले. आवाज उचलायचं लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं गल्लीतल्या रेडिओवाल्या चाचांनी बसवलं. तारा मुंबईहून आल्या. चाचांच्या दुकानात पहिल्यांदा वाजवला तेव्हा चाचा कान कलता करून बराच वेळ ऐकत राहिले.

"आवाज तो है बेटा," ते म्हणाले, "पन रजई ओढको बैठी है."

खरं होतं. सूर उमटायचा आणि लगेच मऊ होऊन विझायचा, विहिरीत बोलल्यासारखा. दादाला तो आवडला. मला तर आवडलाच. इतक्या सुंदर लाकडातून असाच झोपाळू आवाज यायचा, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

जयंतीचा कार्यक्रम पेठेतल्या मैदानात होता. दिवेलागणीला आम्ही सगळे गेलो, मामा सुद्धा आले. दादा पांढरा शर्ट घालून स्टेजवर आला आणि पुढच्या रांगा बासकडे बघायला लागल्या. दिव्यांच्या प्रकाशात ते लाकूड जिवंत दिसत होतं. मामा शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "आमच्या बांधावरचा लिंब हाय तो."

पहिली दोन गाणी संथ होती. मी डोळे मिटले. गाण्याखाली दादाचा सूर धुक्यासारखा पसरत होता. आणखी काही नको असं वाटलं.

मग वेगाची गाणी सुरू झाली आणि तो आवाज ढोलक्यांखाली बुडाला. दादा बोटं आपटत होता, ऐकू येत नव्हतं. त्यात दिव्यांची धग. लाकडाने प्यायलेलं तेल बाहेर यायला लागलं. आधी शर्टावर पोटाजवळ एक पिवळा डाग, मग तो वाढत वाढत खिशापर्यंत. तेलकट लाकडाला सरस धरणार कसा? मान सुटायला लागली, तारा उतरत गेल्या. दादा प्रत्येक कडव्याला खुंट्यांचे कान पिळून सूर वर आणत होता, आणि तो पुन्हा खाली घसरत होता. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, त्याला पुसा कुणीतरी." लोक हसले. आप्पा हसले नाहीत, उठलेही नाहीत. दादाने शेवटच्या गाण्यापर्यंत सोडलं नाही. निम्मी गाणी त्याने उतरलेल्या तारांवर जागा बदलून, कानाने शोधून वाजवली.

कार्यक्रमानंतर मास्तर स्टेजमागे आले. आम्ही सगळे तिथेच उभे होतो. मास्तरांनी बास हातात घेतला, दिव्याकडे धरून उलटसुलट बघितला.

"हे देवघरात ठेवायचं लाकूड आहे," ते म्हणाले. "वाजवायचं नाही." मग दादाकडे बघून, "पण घसरत्या तारांवर सुरात राहिलास. माझ्या भाच्याला ते यायचं नाही. एक जुना काळा बास मिळतोय, मी आणतो. जागा तुझी. हे मात्र घरी ठेवायचं."

मला वाटलं दादा काहीतरी बोलेल. इतके महिने, इतकं घासणं. निदान थोडा वेळ मागेल.

"चालंल की," तो म्हणाला. एवढंच.

घरी चालत येताना मी धुमसत होते. बास माझ्याकडे दिला होता, माझी ओढणी तेलाने भिजत होती. शेवटी मी म्हटलं, "तुला काहीच वाटलं नाही? एका शब्दात सोडून दिलास?"

"वाटलं की," तो म्हणाला. "पण मला वाजवायचं हाय. बघत तू बसतीस, मी न्हाय."

आप्पा पुढे चालत होते. न वळता म्हणाले, "उद्या लवकर उठ. संध्याकाळी जायचं असंल तर धोटे दुपारच्या आत व्हायला पायजेत."

काळा बास आला. साधा, गुळगुळीत, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. त्यावर त्याचा पहिला कार्यक्रम झाला तेव्हा मी मुद्दाम मागच्या रांगेत बसले. दादा गायकाच्या पाठीमागे अंधारात उभा होता, त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. गाणं सुरू झालं आणि मला त्याचा सूर आधी कानाने कळलाच नाही. तो लोखंडी खुर्चीतून वर आला, पाठीच्या कण्यातून, आणि विझला नाही. लांबत राहिला. माझ्या पुढे बसलेल्या बाईच्या मांडीवरचं मूल झोपेत तोंड उघडून पडलं होतं. त्याच्या पायाची बोटं त्या सुराबरोबर हलकेच हलत होती.