आत्याने धरलेला डूख

आत्या कुणालाच माफ करायची नाही. डोंबिवलीत आमच्या शेजारी राहायची. रक्ताचं नातं नव्हतं, पण सगळ्या बिल्डिंगची ती आत्याच. एका भाजीवाल्याने तिला कधीतरी सडके टोमॅटो दिले होते. तेव्हापासून ती पलीकडच्या गाडीवर पिशवी भरायची आणि त्याच्यासमोरून मुद्दाम सावकाश चालत जायची. मी हसले की म्हणायची, "अगं, विसरणं हा मनाचा मोठेपणा नाही, आळस आहे." चळवळीची पत्रकं वाटणाऱ्यांच्या घरात वाढलेल्या मला ते लगेच पटायचं.

कोलशेतच्या एका कंपनीत ती इंजिनिअर होती. तिथे गादीखाली ठेवायची पट्टी बनायची. हृदयाचा ठोका पडला की सगळं शरीर किंचित हादरतं. तो हादरा पकडून पट्टी पडद्यावर ठोके दाखवते. आत्या आम्हा पोरांना तिच्या दिवाणावर आडवं करायची. "अजिबात हलू नकोस हं." आणि मग नाचणारी रेघ दाखवून खिजवायची, "हललीस! जिवंत माणसाला गप्प पडताच येत नाही."

पट्टीत एक खोट होती. अंथरुणाला खिळलेल्यांना हवेची गादी देतात, तिचा पंपही थरथरतो. पट्टीला तोही ठोकाच वाटायचा. आत्या साहेबाला म्हणाली, "हे सुधारल्याशिवाय विकायचं नाही." साहेब म्हणाला, "मॅडम, एवढं तर चालतं." तिने नोकरी सोडली. पट्टी बाजारात गेली.

तिचा थोरला भाऊ नाना शीळफाट्याजवळच्या एका शुश्रूषा केंद्रात होता. तिथे तीच पट्टी आली, तीही हवेच्या गादीखाली. आत्या भांडली. "पडदा आहे ना, मग उशाशी माणूस कशाला?" व्यवस्थापकाने विचारलं. ती नानासाठी दुसरी जागा शोधतच होती. एका दुपारी डबा घेऊन गेली, तर नाना गार पडला होता. पंप चालू होता आणि पडद्यावर ठोके अगदी सुरळीत. कंपनी म्हणाली, वय झालं होतं.

आत्याने नानाचं तेरावं उरकलं. मग मला म्हणाली, "ठाण्यात साहेबाने पट्टीचं प्रदर्शन ठेवलंय. येतेस?"

खोपटला एसटीतून उतरलो, तेव्हा तिच्या कडेवर तांदळाची पिशवी होती. मी हात पुढे केला. "राहू दे. पेशंट माझा आहे."

हॉल डॉक्टरांनी भरलेला. "या मॅडम, आपलीच पट्टी!" साहेब म्हणाला. आत्याने तिथे पट्टीवर अंथरलेल्या हवेच्या गादीवर तांदूळ निजवले, वर चादरही घातली. पडद्यावर ठोके उमटले. हशा पिकला.

"तब्येत उत्तम आहे," आत्या म्हणाली. "माझा भाऊ मेला तेव्हा त्याचीही अशीच होती."

साहेब कुजबुजला, "मॅडम, प्लीज, बाहेर बोलू या."

"बाहेर कशाला? इथे सगळे जिवंत आहेत. ऐकू दे त्यांना."

खरेदीदार उठून गेले. केंद्राने पट्ट्या काढल्या, खाटांपाशी पुन्हा माणसं बसवली. आत्याचं समाधान तरीही झालं नाही. साहेबाने नानाचं नाव तोंडातून काढावं, चूक झाली म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. तो कधी आला नाही.

गेल्या वर्षी आत्या गेली, तेव्हा आला. हातात मोठा हार. दारात मीच उभी होते.

"शेवटी तरी त्यांनी मला माफ केलं असेल," तो म्हणाला.

"नाही केलं."

"आता पट्टी सुधारली आहे हो. नव्या नावाने विकतो."

"आणि जुनीमुळे कोण गेलं, त्याचं नाव काय?"

तो वाकून स्वतःच्या चपला शोधू लागला. मी त्या पायाने त्याच्याकडे सरकवल्या.