रजेचं कारण

देवळीच्या एका शाळेत मी मुख्य लिपिक आहे. अठ्ठावीस वर्षे दुसऱ्यांचे रजेचे अर्ज माझ्या टेबलावरून गेले आणि त्यांत मला सगळी कारणे सापडली, एक सोडून. ताप, लग्न, सोयाबीनची सोंगणी. एका शिक्षकाची एकुलती एक आत्या तर तीनदा वारली. पण ‘विश्रांतीसाठी’ असे कोणी लिहिल्याचे मला आठवत नाही. माणूस दमला, हे आमच्याकडे कारण धरत नाहीत. माझे तर विचारूच नका. माझी अर्जित रजा साठून मर्यादेला टेकली होती आणि त्यापुढची दरवर्षी बुडत होती. त्याबद्दल स्नेहसंमेलनात मला शाल आणि नारळ मिळे. असल्या सत्कारांची मी मनातल्या मनात भरपूर टिंगल केली आहे; शाली मात्र घडी घालून जपून ठेवल्या आहेत.

दिवाळीनंतर एका दुपारी त्याच टेबलाशी मी चक्कर येऊन पडलो. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, पंधरा दिवस पूर्ण विश्रांती सांगितली आणि पुन्हा पडलात तर उठालच असे नाही, असेही सांगून टाकले. मी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. दहावीच्या परीक्षेचे फॉर्म भरणे चालू होते. मी नसलो तर ते अडतील, ही माझी चिंता होती. मी नसलो तरी ते अडणार नाहीत, ही त्याहून मोठी चिंता. ती कोणाला सांगितली नाही.

बायकोने परस्पर तिच्या माहेरच्या, अल्लीपूरजवळच्या शेतातल्या मारुतीला रोडग्यांचा नवस बोलून टाकला. माझी श्रद्धा बेताचीच, पण शनिवारी एका दिवसाची किरकोळ रजा टाकून गेलो. कारण लिहिले, ‘घरगुती काम’. बायकोचे शंकरकाका गोवऱ्यांचा विस्तव करून कणकेचे रोडगे राखेत पुरत होते. मी पारावर बसून दहावीच्या फॉर्मांच्या याद्याच डोक्यात मोजत होतो. तेवढ्यात आमच्या कनिष्ठ लिपिक सुषमाताईंचा फोन आला.

“सर, याद्या सोमवारी नाई, आजच मागितल्या. पाचच्या आत वर्ध्याले पोचवाच्या आहेत. कपाटाची चाबी कुठं आहे?”

चाबी माझ्या खिशात होती, रक्तदाबाच्या गोळ्यांना चिकटून. दुसरी चाबी हरवू नये म्हणून मी घरी नेऊन ठेवली होती. घराला कुलूप होते आणि त्याचीही चाबी माझ्याच खिशात होती. सह्या झालेल्या याद्या कपाटात, पोरांची वर्षे त्या याद्यांत, आणि मी शेतात.

मी शेताच्या धुऱ्यावरून, बांधाबांधाने, डांबरी रस्त्याकडे धावत सुटलो. मागून बायको ओरडत होती. रस्त्यावर पोचेतो डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचू लागले, छाती भात्यासारखी हलू लागली. डॉक्टरांचे वाक्य आठवले आणि मैलाच्या दगडावर मी मटकन बसलो. तेव्हा एक मोटारसायकल थांबली. चाळिशीचा माणूस, मागे सरकीच्या ढेपेचे पोते बांधलेले.

“काऊन पळून राह्यले भाऊ? तोंड पांढरं पडलं तुमचं.”

“मले देवळीले जायचं आहे. शाळेत चाबी द्याची आहे.”

“मी देवळीलेच चाललो, बहिणीकडे. पण बसान कुठं? मांगं ढेप आहे.” तो जरा थांबला. “चाबीले जायचं आहे न? मंग तुमचं काय काम तिथं?”

अठ्ठावीस वर्षांत हे मला कोणी विचारले नव्हते. मी शाळेचे नाव सांगून चाबी दिली. त्याने ती शर्टाच्या खिशात टाकली आणि निघून गेला. मग लक्षात आले, नाव विचारले नाही, गाडीचा नंबर पाहिला नाही. रजिस्टरात सही घेतल्याशिवाय शिपायाला टाचण्यांची डबीही न देणारा मी!

परत आलो. सुषमाताईंना कळवले आणि वाट पाहत बसलो. दर पाच मिनिटांनी मोबाइल बघायचा, मधूनच काडीने राख उकरून रोडगे बघायचे. शेवटी शंकरकाका चिडले. “जवाईबापू, घडीघडी उकरू नका हो. कच्चे राहतीन. त्याईले पडू द्या न जरा!”

मी काडी टाकली आणि मारुतीसमोर जाऊन उभा राहिलो. मला प्रार्थना येत नाही, मसुदा येतो. ‘सविनय विनंती की’ इथपर्यंत मनात आले आणि पुढचे शब्दच सुचेनात. एवढेच म्हणालो, मला आता हे धरवत नाही, तू घे.

दीड वाजता फोन आला. “सर, चाबी भेटली. शिपाई याद्या घेऊन वर्ध्याले गेला बी.”

“कोण होता तो?”

“नाव नाई सांगतलं. म्हणे, साहेबाले म्हणजो, झोपा आता.”

मी पारावरच आडवा झालो. उठलो तेव्हा पंगती उठून गेल्या होत्या, ऊन कलले होते. बायकोने दोन रोडगे आणि वांग्याची भाजी झाकून ठेवली होती.

“मले उठवलं काऊन नाई?”

“कोणाचं काई अडलंच नाई,” ती म्हणाली.

जे ऐकायची मला वर्षानुवर्षे भीती होती, ते हेच वाक्य. त्या दिवशी ते तुपाबरोबर गोड लागले.

तो मारुतीच होता, असे बायको ठामपणे सांगते. मी वाद घालत नाही. ज्याने औषधासाठी अख्खा डोंगर उचलला, त्याला माझी एक चाबी जड नव्हती. जड मलाच होती. सोमवारी मी पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. मुख्याध्यापकांनी कारण दोनदा वाचले. “आजारपण लिहा न, बरं दिसते.” मी नाही म्हणालो. ‘विश्रांतीसाठी’ तसेच राहू दिले. चाबी सुषमाताईंच्या हातात ठेवली तेव्हा त्यांनी सवयीने सहीचे रजिस्टर पुढे केले. मी ते मिटून ठेवले.

आता अधूनमधून त्या शेतात जातो. हात जोडतो, मागत काही नाही. खिसा रिकामा असतो. थोडा वेळ पारावर पडून राहतो.